चौथी फळी

माळेचे पन्नास मणी होईतो वहिनी बाकावरून वीतभर उजवीकडे घसरल्या होत्या. शंभर झाले तेव्हा त्यांचा खांदा खिडकीला टेकला. डोळे न उघडता त्यांनी पाय घट्ट रोवले, पुन्हा मधोमध सरकल्या आणि उरलेले आठ मणी कसेबसे ओढले. नाव घेताना मन हलू नये एवढं त्यांना ठाऊक होतं; पण इथे मनाचं सोडा, बूडच ठरत नव्हतं.

बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. कालपासून त्याला खळ नव्हता. गाडीच्या पत्र्यावर असा आवाज येत होता, जणू वर कुणी सूपभर वाटाणे पाखडत बसलंय.

गाडी म्हणजे चाकांवरचं घर. पुढे चालवणाऱ्याची आणि शेजारची अशा दोन खुर्च्या, त्यांच्यामागे समोरासमोर दोन बाक, मधे दुमडायचं टेबल, मग शेगडी, एवढीशी मोरी आणि सगळ्यात मागे आडवा पलंग. मिस्त्रींनी काम सोडलं त्या वर्षी दोघा भावांनी मिळून ती जुनी विकत घेतली होती. मिस्त्री म्हणजे वहिनींचे यजमान. बेचाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. धाकटे म्हणजे त्यांचा भाऊ, वहिनींचे दीर. तेही बेचाळीस वर्षं गवंडीकामातच, पण मिस्त्रींच्या हाताखाली. दोरीचं एक टोक मिस्त्रींच्या हातात असे, दुसरं धाकट्यांच्या. त्यात धाकट्यांचं लग्न करायचं राहून गेलं. कामावरच्या माणसांनी धाकट्यांचं ऐकून 'वहिनी' म्हणायला सुरुवात केली आणि पुढे सगळ्या जगाच्या त्या वहिनीच झाल्या.

निघून सव्वा महिना झाला होता. सहा दिवस प्रवास, सातव्या दिवशी विसावा, हा मिस्त्रींचाच नियम. आज विसाव्याचा दिवस. डोंगराच्या पायथ्याशी गाड्या लावायला एक मोकळं मैदान होतं, नळ आणि न्हाणीघरांची सोय होती, आणि उद्या सकाळी घाट चढायचा होता.

"वहिनी, मौन सुटलं का?" धाकट्यांनी समोरच्या बाकावरून हळूच विचारलं. "सुटलं असेल तर सांगतो. चहा तिरका झालाय."

वहिनींनी पाहिलं. कपातला चहा उजवीकडच्या काठाला लागला होता आणि डावीकडे कपाची दोन बोटं पांढरी भिंत दिसत होती.

"झाला असू दे. गरम आहे ना? प्या," वहिनी म्हणाल्या. दिवसाचा पहिला शब्द चांगला असावा अशी त्यांची इच्छा असे. आज एवढ्यावरच भागवलं.

खरं तर चहा तिरका नव्हता. गाडीची डावी बाजू तीन फळ्यांवर चढवलेली होती.

त्याचं असं असे. नव्या जागी गाडी लागली, की मिस्त्री खाली उतरत आणि वहिनी आत टेबलावर पाणसळ ठेवून बसत. पाणसळ म्हणजे गवंड्याची ती हातभर पट्टी. मधल्या काचेत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आला, की सपाटी साधली. मिस्त्री चाकाखाली फळी सरकवत आणि बाहेरून हाक मारत, "आला?" वहिनी आतून सांगत, "थोडा राहिलाय... आला, आला. बास." मग मिस्त्री हात झटकत वर येत, भुईवर पाय आपटून बघत आणि म्हणत, "आता हे घर झालं." ज्या घरात पाणी एका बाजूला जातं त्या घरात माणसाला झोप लागत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

दहा दिवसांपूर्वी मिस्त्रींना सर्दीतापानं गाठलं. दोन दिवस अंग तापलं, कान दुखला, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. त्या संध्याकाळी गाडी लावताना वहिनी नेहमीसारख्या "आला, आला" म्हणाल्या. मिस्त्री वर आले, दाराची चौकट धरून उभे राहिले आणि म्हणाले, "कुठे आला? घर डावीकडे कललंय की." खाली जाऊन त्यांनी आणखी एक फळी घातली. बुडबुडा डावीकडची रेघ ओलांडून गेला. "पाणसळ बिघडली," मिस्त्री म्हणाले. दुसऱ्या गावात त्यांनी नवी कोरी पाणसळ घेतली. दोघी शेजारीशेजारी ठेवल्या. जुळ्या बहिणींसारख्या दोघी एकच सांगत होत्या. मिस्त्रींनी दोघींना फडक्यात गुंडाळलं आणि खणात कोंबलं.

कामावर कुणी कारागीर 'डोळ्याला तर सरळ दिसतंय, मिस्त्री' अशी हुज्जत घालायला लागला, की हाच माणूस म्हणत असे, "डोळे काढून खिशात ठेव आणि ही पाणसळ बघ." तोच माणूस आता पाणसळीला खोटं पाडत होता. चालताना त्यांचा हात भिंतीला लागलेला असे. दाढी करताना आरशात मान वाकडी असे. आणि परवा, चांगल्या सरळ रस्त्यावर, गाडीचं डावं चाक डांबर सोडून खडीवर गेलं होतं. खडखडाट झाला, मागची भांडी कोसळली. मिस्त्रींनी गाडी वर घेतली आणि म्हणाले, "रस्त्याला उतार होता." धाकट्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. वहिनी नाव घेत बसल्या होत्या, पण किती घेतलं ते मोजायचं भान नव्हतं.

त्या दिवशी खडीपलीकडे नुसतं शेत होतं. घाटात डावीकडे शेत नसतं.

वहिनींचे नेम दोन होते. सकाळच्या मौनाचा सगळ्यांना ठाऊक होता. दुसरा त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. रोज माळ खाली ठेवताना त्या मनात म्हणत, आजच्या दिवसात माझ्या तोंडून खोटं जाऊ देऊ नकोस. फक्त आजच्या. उद्याचं उद्या मागेन. सव्वीस वर्षं हे मागणं चाललं होतं आणि बहुतेक दिवस पदरात पडलं होतं. या आठ दिवसांतही त्या खोटं बोलल्या नव्हत्या. "बिघडली का गं पाणसळ?" असं मिस्त्रींनी विचारलं, तेव्हा "मला मेलीला त्यातलं काय कळतंय" म्हणाल्या होत्या. तेही पुरतं खरं नव्हतं, हे त्यांना रात्री उशीवर डोकं टेकल्यावर कळलं होतं.

मिस्त्री मोरीतून बाहेर आले. एक हात कपाटाला, दुसरा शेगडीच्या कठड्याला.

"रात्रीत माती बसलेली दिसतेय," ते म्हणाले. "डावीकडे पार घसरलंय. धाकट्या, चौथी फळी घालावी लागणार."

"चौथी?" धाकट्यांनी कप खाली ठेवला, तो हलकेच उजवीकडे सरकला, त्यांनी तो पुन्हा धरला. "दादा, एक गंमत बघतोस?"

"कसली?"

धाकट्यांनी टोपलीतलं लिंबू घेतलं आणि टेबलाच्या मधोमध ठेवून हात काढला. लिंबानं क्षणभर विचार केला आणि ते गडगडत उजवीकडे निघालं. धाकट्यांनी खाली ओंजळ धरली होती, तिच्यात अल्लद पडलं. त्यांनी पुन्हा ठेवलं. पुन्हा ओंजळीत.

"काय म्हणणं आहे तुझं?" मिस्त्री म्हणाले.

"माझं काही नाही बाबा. लिंबू म्हणतंय."

"एका बाजूला जड आहे ते. आतून सडलेलं असणार."

"मग सरबत नको करायला," धाकटे म्हणाले आणि त्यांनी लिंबू टोपलीत टाकलं. एवढंच त्यांचं धाडस. मोठ्या भावासमोर त्यांनी आयुष्यात कधी लिंबापुढे मजल मारली नव्हती.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. मैदानाचा रखवालदार छत्री सांभाळत उभा होता. छत्रीची एक काडी मोडून त्याच्या कानाशी आली होती.

"घाट उद्या सातला उघडणारेय," तो म्हणाला. "दरड हटवली. पण एकच बाजू मोकळी, दरीकडची. सावकाश जा म्हणजे झालं." मग गाडीच्या चाकांकडे बघून म्हणाला, "हे काय? एवढं उचलून का ठेवलंय?"

"जमीन खचलीय तुमची," मिस्त्री म्हणाले.

रखवालदारानं गाडीखालच्या सिमेंटच्या ओट्याकडे पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं, मग वहिनींकडे. वहिनींनी नजर खाली घातली. तो पुढच्या गाडीकडे गेला.

"सातला म्हणजे साडेसहाला निघू," मिस्त्री म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "दुपारी पुलावर."

घाटापलीकडे एक दगडी पूल होता. ज्या वस्तादांच्या हाताखाली मिस्त्री पोरवयात थापी धरायला शिकले, त्यांनी उमेदीच्या काळात बांधलेला. सात कमानी. वस्ताद त्या पुलाचं इतकं बोलत, की मिस्त्रींनी न पाहता त्याची चित्रं काढली होती. या सगळ्या प्रवासाचा घाट घातला होता तो त्या पुलासाठी. बाकीची गावं वाटेत लागली म्हणून बघितली.

वहिनींनी बटाटे सोलायला घेतले. हात चालू होते, डोकं घाटात होतं. एकच बाजू मोकळी, दरीकडची. उद्या साडेसहा. म्हणजे जे काय बोलायचं ते आज. पण कसं? या माणसाला कुणी 'तू वाकडा' म्हटलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. लग्न करून आल्या तेव्हा सासूबाईंनी सांगितलेलं पहिलं वाक्य होतं, "याचा हात देवानं दोरी लावून बनवलाय." घरातल्या माणसाला असं एकच काहीतरी असतं ज्यावर तो उभा असतो. ते काढून घ्यायचं म्हणजे...

"काय गं," मिस्त्रींनी एकदम विचारलं, "तुझं काय मत? सरळ आहे का घर?"

सुरी बटाट्यात थांबली. धाकट्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"पाऊस थांबू दे," वहिनी म्हणाल्या. "मग बघू."

"मी काय विचारतोय आणि तू काय सांगतेस!"

"एवढ्या पावसात जॅक घसरेल, म्हणून म्हटलं."

हेही खरंच होतं. त्यांना स्वतःचाच राग आला.

मिस्त्री म्हणाले, "ठीक आहे. तुम्हा दोघांच्या मनात काय आहे ते मला कळतंय. धाकट्या, नळी काढ."

"कुठली नळी?"

"पाण्याची. पाणसळ कारखान्यात बनते, तिच्यात खोट असू शकते. पाणी कुणी बनवत नाही."

बाकाखालच्या पेटीत ती वेटोळं करून ठेवलेली होती. बोटाएवढी जाड, आरपार दिसणारी, वीस हात लांब. लांबच्या दोन भिंती एका पातळीत आणायच्या तर गवंडी तिच्यात पाणी भरतात; एक टोक एकाकडे, दुसरं दुसऱ्याकडे. मधे कितीही वळणं असोत, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर उभं राहतं. वहिनींनीच बादलीतून ती भरून दिली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, माणूस कमी असताना, त्यांनीही हे टोक धरलं होतं. तेव्हाची मिस्त्रींची शिकवण त्यांना अजून पाठ होती. चालताना टोकावर अंगठा ठेवायचा, पाणी सांडत नाही. पातळी वाचताना अंगठा काढायचा. अंगठा राहिला तर पाणी अडतं आणि भिंत फसते.

गाडीच्या आत दोन्ही अंगांना सारख्याच उंचीवर लाकडी पट्टी ठोकलेली होती. मिस्त्रींनी डावीकडच्या पट्टीला आपलं टोक लावलं. "पाणी पट्टीच्या वर उभं राहिलं, तर डावी बाजू खाली. पट्टीच्या खाली गेलं, तर मी चुकलो. कबूल?"

"कबूल," धाकटे म्हणाले आणि उजवीकडच्या खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

"धरलंस?"

"धरतोय." धाकट्यांनी टोक आधी खांद्याच्याही वर नेलं, मग सावकाश खाली आणून पट्टीला टेकवलं. "हं. धरलं."

मिस्त्री वाकले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पाहिलं, आणि इतक्या मोठ्यांदा हसले की आठ दिवसांत तसा आवाज या गाडीत झाला नव्हता.

"ये, बघ! दोन बोटं वर! अगं, ये ना इकडे. दोन बोटं डावी बाजू खाली. मी म्हणत नव्हतो? धाकट्या, तुझ्याकडे काय?"

"दोन बोटं खाली, दादा," धाकटे म्हणाले. "तुझंच बरोबर."

वहिनी ओल्या हातांनी उठल्या. मिस्त्रींच्या टोकाशी पाणी खरंच पट्टीच्या वर होतं, हलत नव्हतं, डुलत नव्हतं. फार शांत होतं. नळीतलं पाणी इतकं शांत कधी नसतं; धरणाऱ्याचा श्वाससुद्धा त्याला कळतो. त्यांनी मान वळवली. धाकटे खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांची मूठ नळीभोवती होती, आणि नळीच्या तोंडावर अंगठा दाबलेला होता. अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं.

धाकट्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते. असू द्या ना वहिनी, असं ते डोळे म्हणत होते. बघा ना किती दिवसांनी हसतोय.

आणि वहिनींना क्षणभर खरंच वाटलं, असू द्यावं. त्यांनी काहीच करायचं नव्हतं. एक शब्दही खोटा बोलायचा नव्हता. पुन्हा बटाट्यांकडे जायचं, आणि उद्या साडेसहाला शेजारच्या खुर्चीत बसून नाव घ्यायचं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या. आवाज एवढा हळू होता, की पावसात विरून जायचा. त्यांनी पुन्हा म्हटलं, "भाऊजी, अंगठा काढा."

मिस्त्रींचं हसू थांबलं.

"काढा अंगठा."

धाकट्यांनी काढला.

पाणी हललं. एकदा वर उसळलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. मग मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर ते उतरायला लागलं. पट्टीशी आलं. मिस्त्रींचे ओठ हलले, जणू ते त्याला तिथेच थांब म्हणत होते. पट्टी ओलांडून आणखी खाली गेलं, थोडं डुललं, आणि दोन बोटांवर जाऊन उभं राहिलं.

मिस्त्रींनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि नळीवरून बोट फिरवत गेले, टेबलाखालून, बाकावरून, धाकट्यांच्या मुठीपर्यंत. नळीत कुठे हवा अडकली असेल तरी पाणी फसवतं. हवा नव्हती. ते परत आले, पुन्हा वाकले. पाणी तिथेच होतं.

मग ते धाकट्यांकडे वळले.

"किती भिंतींना लावलास?"

"काय?"

"अंगठा. बेचाळीस वर्षं दुसरं टोक तुझ्या हातात होतं. मी म्हणायचो सरळ, तू म्हणायचास सरळ. किती भिंतींना लावलास अंगठा?"

धाकटे मटकन बाकावर बसले. "दादा, तुझी शपथ... नाही, शपथ नको, वहिनींना आवडत नाही. एकाही नाही. आज पहिल्यांदा. तेव्हा कशाला लावू? तेव्हा तू चुकतच नव्हतास."

"मला काय कळणार आता!"

"त्या भिंती उभ्या आहेत अजून. जाऊन बघ की."

"मला खूश करायला? मी काय तान्हं बाळ आहे?"

"त्यांना काय बोलता?" वहिनी मधे पडल्या. "त्यांनी एकदा अंगठा लावला. मी आठ दिवस तोंड धरून बसलेय. बोलायचं तर मला बोला."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं. असं, जसं एखाद्या ओळखीच्या घरात शिरावं आणि तिथे एक नवीच खोली दिसावी.

"म्हणजे तुलाही माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"ताप उतरला त्या संध्याकाळपासून. घर सरळ असतं. तुम्ही कलता. चालताना डावीकडे जाता, उभं राहताना डावीकडे झुकता, आणि परवा गाडीही डावीकडेच गेली. रस्त्याला उतार नव्हता." एका दमात सगळं बोलून झाल्यावर त्यांना धाप लागली. "पाणसळी दोन्ही चांगल्या आहेत. बिचाऱ्यांना खणात कोंडलंत."

"आणि तू आठ दिवस..."

"भीती वाटत होती."

"माझी?"

"तुमची कशाला? तुम्हाला कळलं म्हणजे तुमचं काय होईल त्याची."

मिस्त्री टेबलाला धरून बसले. ते काही फुटणार, ओरडणार असं वहिनींना वाटलं. पण ते नुसतेच आपल्या तळहातांकडे बघत राहिले. पाऊस थोडा मंदावला होता. समोरच्या गाडीत कुणीतरी रेडिओ लावला होता, तो इतका वेळ ऐकू येत नव्हता.

"डोक्याचं असेल का गं?" ते म्हणाले.

"मला नाही माहीत. कान दुखत होता ना तुमचा? कानाचंही असेल. ते डॉक्टर सांगतील. मागच्या गावात मोठं हॉस्पिटल होतं, येताना पाटी वाचली मी."

"मागच्या गावात? म्हणजे मागे जायचं?"

"हो."

"आणि उद्याचा घाट?"

"उद्या घाट नाही," वहिनी म्हणाल्या.

धाकट्यांनी मान वर केली. वहिनींच्या तोंडी एरवी 'बघा बुवा' असे, 'तुम्हाला पटलं तर' असे, 'माझं आपलं एक म्हणणं' असे. शेपटी नसलेलं 'नाही' त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

"आणि पूल?"

"त्याला काय पाय फुटलेत? इतकी वर्षं उभा आहे, अजून महिनाभर उभा राहील. तुमच्या वस्तादांनी बांधलाय ना? मग."

मिस्त्रींच्या ओठांचा एक कोपरा थोडा हलला. ते हसू होतं की दुसरं काही, सांगता येत नव्हतं. "आणि मागे नेणार कोण गाडी? हा? याला रिव्हर्ससुद्धा घेता येत नाही."

"मागच्या गावाला जायला रिव्हर्स कशाला लागतो, दादा?" धाकटे म्हणाले. "तोंड फिरवून जाईन की. उलटा गेलो तर सगळं गाव हसेल की मला."

"गप. दात काढू नकोस," मिस्त्री म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. "आधी त्या फळ्या काढ. लोक काय म्हणतील? गवंड्याची गाडी आणि हे असं."

धाकटे डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी ओढून पावसात उतरले. खालून जॅकची करकर ऐकू यायला लागली. वहिनींनी मिस्त्रींना हाताला धरून मागे पलंगावर नेऊन बसवलं.

पहिली फळी निघाली. गाडी किंचित डावीकडे बसली. मिस्त्रींनी पलंगाची कड धरली. दुसरी निघाली. त्यांनी दुसरा हातही कडेला लावला. तिसरी निघताना वहिनींनी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. पेरं पांढरी पडली होती आणि कपाळावर घामाचे थेंब आले होते. घर आता सरळ होत होतं आणि त्या सरळ घरात हा माणूस कड्यावर लोंबकळल्यासारखा बसला होता.

"अहो..."

"काही नाही. पडल्यासारखं वाटतंय. डावीकडे सगळं उतरतंय." ते डोळे मिटून बोलत होते. "रात्री जास्त वाटतं. मी कठडा धरून पडतो."

वहिनींना ते आठवलं. रोज रात्री मिस्त्रींचा हात पलंगाच्या लोखंडी कठड्यावर असे. सवय असेल, असं म्हणून त्यांनी एकदोनदा त्यावर पांघरूणही घातलं होतं.

"आठ रात्री?" त्यांनी विचारलं.

"झोप लागली की हात सुटतो, आणि हात सुटला की दचकून जाग येते." मिस्त्रींनी डोळे उघडले. "फळ्या कशाला घालत होतो मग? मला वाटायचं, अजून एक घातली की झोपता येईल."

वहिनी उठल्या. दोन्ही बाकांवरच्या उशा आणल्या, धाकट्यांची दुलई घट्ट गुंडाळली, आपली शाल घेतली. मिस्त्रींना आडवं केलं आणि त्यांच्या डाव्या अंगाला हे सगळं खांद्यापासून पायापर्यंत दाबून लावलं, बांध घालतात तसं. तेवढ्यानं भागेना, तेव्हा त्या बांधाला पाठ लावून स्वतःच बसल्या.

"आता?"

मिस्त्रींनी उजवा हात कठड्यावरून काढला. पुन्हा ठेवला. पुन्हा काढला.

"तू उठणार नाहीस ना?"

"नाही उठत."

"स्वयंपाक?"

"भाऊजी करतील. बटाटे सोललेत."

"मग उपाशीच मरायचं म्हणजे," मिस्त्री पुटपुटले. थोड्या वेळानं त्यांचा श्वास लांबला. हात छातीवर सैल पडला, दचकला, आणि तिथेच राहिला.

धाकटे निथळत वर आले. काही बोलणार तोच वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी दार हळूच ओढून घेतलं, टॉवेलनं डोकं पुसलं, सोललेल्या बटाट्यांकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं. मग चोरपावलांनी पुढे जाऊन चालवणाऱ्याच्या खुर्चीवर बसले. ती खुर्ची मिस्त्रींच्या मापाची होती. धाकट्यांचे पाय ब्रेकपर्यंत पोचेनात. त्यांनी खालचा दांडा ओढून खुर्ची पुढे घेतली. खट्. पाय लांब करून बघितले. आणखी पुढे. खट्.

वहिनींना पाठीमागे उशा हलल्यासारख्या वाटल्या.

"आरसेही तुझ्या उंचीला लावून घे," मिस्त्री डोळे न उघडता म्हणाले.